१ जुलैची सकाळ : परदेशात शिकलेला डॉक्टर आणि वॉर्डातली टीम

मधुमेहासाठी माझ्याकडे गेली पंधरा वर्षं येणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी इथेच एमबीबीएस झाली, अमेरिकेच्या परीक्षा दिल्या, आणि गेल्या वर्षी तिला तिकडच्या एका रुग्णालयात इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी मिळाली. पेढे घेऊन आले होते. ऑगस्टमध्ये बीपी तपासायला आले तेव्हा मात्र चेहरा उतरलेला. म्हणाले, "डॉक्टर, पोरगी रोज रात्री फोनवर रडते. अभ्यासात कधी मागे नव्हती हो. तुम्हीच एकदा बोला ना तिच्याशी."

रविवारी बोललो. ती म्हणाली, "काका, निदान येतं, औषधं येतात. पण काल नर्सनं सगळ्यांसमोर विचारलं, हा डोस का दिला? दिवसातून दोनदा फार्मासिस्टचा फोन येतो, ऑर्डर बदला म्हणून. आणि माझ्या सिनियरनी लिहून दिलंय की मी टीममध्ये बोलत नाही. काका, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, हेच शिकलो ना आपण?"

तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला थोडं सविस्तर सांगणार आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे या वाटेवर असतील. नसतील, तरी हा लेख तुमच्यासाठी आहे. कारण वॉर्डातली टीम एकमेकांशी नीट बोलते की नाही, यावर खाटेवरच्या माणसाचा जीव अवलंबून असतो. ती खाट अमेरिकेतली असो की आपल्या तालुक्याच्या गावातली.

'रेसिडेंट' म्हणजे राहणारा

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, तेव्हा आज ज्याला रेसिडेन्सी म्हणतात ती पद्धत अमेरिकेत रुळलेली नव्हती. १८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. तिथे विल्यम ऑस्लर यांनी मेडिसिनमध्ये आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी सर्जरीत पदवीनंतरच्या शिक्षणाची शिस्त बसवली. शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहायचा, म्हणून तो रेसिडेंट. हॉल्स्टेड यांची पद्धत पिरॅमिडसारखी होती : खाली बरेच जण, वर जाता जाता एकच. वरच्याचा शब्द शेवटचा.

गंमत म्हणजे ऑस्लर स्वतः कॅनडात शिकलेले होते. ज्या पद्धतीत परदेशी पदवीधरांना आज धडपडावं लागतं, ती घडवणाऱ्यांत एक परदेशी पदवीधरच होता!

आपल्याकडे ब्रिटिशांच्या रुग्णालयांवरून 'युनिट' पद्धत आली. युनिटचे मोठे सर, मग लेक्चरर, मग रजिस्ट्रार, सगळ्यात खाली हाउसमन. ही उतरंड आम्ही सगळे चढलो. तिचे फायदे आहेत, नाही असं नाही. पण तिथे एक सवय लागते. प्रश्न वरून खाली येतात, खालून वर फक्त उत्तरं जातात.

दारं उघडली, मग किलकिली झाली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रुग्णालयं वाढली, रेसिडेंटच्या जागा वाढल्या, पण तिथल्या कॉलेजांतून तेवढे डॉक्टर निघेनात. मग बाहेरच्या देशांतले पदवीधर येऊ लागले. त्यांचं शिक्षण कसं तपासायचं? त्यासाठी १९५६ मध्ये एक संस्था उभी राहिली, जिला आज ईसीएफएमजी म्हणतात. १९५८ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली.

१९६५ मध्ये दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पासष्टीपुढच्या नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली, त्यामुळे रुग्णालयांतली गर्दी वाढली. आणि त्याच वर्षीच्या नव्या कायद्यानं देशावार कोट्याची जुनी पद्धत संपवली. आशियातल्या डॉक्टरांना दार उघडलं. मुंबई, पुणे, नागपूरच्या कॉलेजांतून बॅचच्या बॅच जाऊ लागल्या, त्या याच काळात. माझ्या शिक्षकांच्या पिढीतले किती तरी जण असे गेले.

त्यांना जागा कुठे मिळाल्या? बहुतेक वेळा अमेरिकन पदवीधर जिथे जायला तयार नसत तिथे. मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांची रुग्णालयं, लहान गावं. १९७६ मध्ये तिथल्या संसदेनं ठरवलं की आता डॉक्टरांची टंचाई उरलेली नाही, आणि दार पुन्हा किलकिलं झालं. व्हिसाचे नियम कडक झाले, परीक्षा अवघड झाली. तरी येणारे येतच राहिले. आजही अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी सुमारे एक चतुर्थांश परदेशी कॉलेजांतून शिकलेले आहेत.

परीक्षेत काय विचारलं, काय राहून गेलं

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९५८ पासून कित्येक वर्षं या डॉक्टरांची परीक्षा होती ती वैद्यकीय ज्ञानाची आणि इंग्रजीची. रुग्णाशी बोलता येतं का, त्याला नीट तपासता येतं का, हे पाहायला १९९८ उजाडलं. त्या वर्षी रुग्णाचं सोंग घेणाऱ्या प्रशिक्षित माणसांना तपासायची परीक्षा सुरू झाली. कोविडच्या काळात तीही थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. आता त्याऐवजी डॉक्टरी व्यवसायातल्या इंग्रजी संवादाची चाचणी द्यावी लागते.

ज्ञान तपासलं, भाषा तपासली, रुग्णाशी बोलणं तपासलं. पण नर्सशी, फार्मासिस्टशी, रात्रपाळीच्या सहकाऱ्याशी आणि झोपलेल्या सिनियरशी कसं बोलायचं, ते कुठल्याच परीक्षेत आलं नाही. ते शिकायचं १ जुलैला, म्हणजे कामाच्या पहिल्या दिवशी. अमेरिकेत बहुतेक रेसिडेन्सी त्याच तारखेला सुरू होतात.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण माणसांची. आपल्या वॉर्डात डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी आणि नातेवाईक. तिकडे यादी लांब आहे. १९६५ मध्येच कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचं आणि ड्यूक विद्यापीठात फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण सुरू झालं. हे लोक डॉक्टर नसतात, पण रुग्ण तपासतात, औषधं लिहितात. शिवाय वॉर्डचा फार्मासिस्ट, श्वसनोपचार करणारा थेरपिस्ट, समाजसेवक, घरी सोडण्याची सोय पाहणारा केस मॅनेजर. आपल्याकडे यातली निम्मी कामं कोण करतं? तुम्ही! औषध आणणं, रिपोर्ट आणणं, ट्रॉली ढकलणं, घरी कोण बघेल ते ठरवणं. म्हणून आपला पदवीधर तिकडे गेला की त्याला कळतच नाही, कोणतं काम कोणाला सांगायचं. तो सगळं स्वतः करत बसतो, थकतो, आणि टीमला वाटतं हा कोणाला विचारात घेत नाही.

दुसरी अडचण मानाची. नर्सनं डोसबद्दल विचारणं हा आपल्या मुलांना अपमान वाटतो. तिथे ते तिचं काम आहे. पण तिथेही हे पूर्वीपासून होतं असं समजू नका. १९६७ मध्ये लिओनार्ड स्टाइन या मनोविकारतज्ज्ञानं एक गाजलेला लेख लिहिला. नर्स डॉक्टरला सल्ला तर देते, पण तो डॉक्टरलाच सुचला असं भासवून देते, आणि दोघंही हा खेळ खेळत राहतात, असं त्यानं दाखवलं. म्हणजे उतरंड तिकडेही होती. त्यांनी ती उतरायला सुरुवात आधी केली, इतकंच.

तिसरी अडचण शब्दांची. आपण ज्याला ॲड्रिनालिन म्हणतो ते तिकडे एपिनेफ्रिन. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. पुस्तकात हे दोन मिनिटांत पाठ होतं. पण पहाटे तीनला, समोर रुग्ण धापा टाकत असताना, तोंडून जुनाच शब्द निघतो आणि समोरचा गोंधळतो.

चौथी अडचण गप्प राहण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत धोक्याची. आपल्याकडे सिनियरसमोर गप्प राहणं म्हणजे आदर. तिकडे गप्प राहणं म्हणजे एक तर येत नाही, नाही तर लक्ष नाही. "मला माहीत नाही" म्हणणं आपल्याकडे कमीपणाचं, तिकडे ते प्रामाणिकपणाचं समजलं जातं. त्यात व्हिसा नोकरीला बांधलेला. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या, व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या माणसाला "तोंड उघड" म्हणणं सोपं आहे, त्याला ते करणं सोपं नाही. उच्चारांवरून हसणारे सहकारी आणि "मला दुसरा डॉक्टर द्या" म्हणणारे रुग्णही भेटतात. तेव्हा सगळा दोष नव्या डॉक्टरच्या माथी मारू नका. टीमनंही त्याला जागा द्यावी लागते.

न बोलण्याची किंमत

२७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर धुकं होतं. एका डच विमानाच्या अनुभवी कप्तानानं परवानगी मिळण्याआधीच धाव घ्यायला सुरुवात केली. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्यानं विचारलंही. कप्तानानं ती शंका उडवून लावली आणि तो पुढे बोलला नाही. दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली.

त्यानंतर विमान कंपन्यांनी शिकवायला सुरुवात केली की ज्युनियरनं शंका कशी मांडायची आणि कप्तानानं ती कशी ऐकायची. वैद्यकशास्त्राला हा धडा घ्यायला बराच उशीर लागला.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थपणामुळे दाखल झाली आणि काही तासांत दगावली. तिला नैराश्याचं जे औषध चालू होतं, त्याच्याबरोबर पेथिडिन देणं धोक्याचं असतं. तिला ते दिलं गेलं होतं. रात्री तिला पाहणारे ज्युनियर डॉक्टर एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळत होते. यात परदेशी पदवीधरांचा काही संबंध नव्हता, पण पुढे जे बदललं ते सगळ्यांसाठी बदललं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं रेसिडेंटच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि सिनियरची देखरेख सक्तीची केली. २००३ मध्ये ही मर्यादा देशभर लागू झाली.

याचा एक परिणाम असा झाला की रुग्ण एका डॉक्टरच्या हातून दुसऱ्याच्या हातात वारंवार जाऊ लागला. थकवा कमी झाला, पण निरोप चुकण्याच्या जागा वाढल्या. १९९९ मध्ये एका राष्ट्रीय अहवालानं अंदाज मांडला होता की अमेरिकेतल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात. तेव्हा कुठे टीमनं कसं बोलायचं, हा शिकवण्याचा विषय झाला.

अणुपाणबुड्यांवर निरोप देण्याची एक ठरलेली पद्धत होती, ती वॉर्डात आणली गेली. तिला एसबार म्हणतात. फोनवर चार गोष्टी क्रमानं सांगायच्या : आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. २००६ मध्ये अमेरिकन सरकारनं टीमसाठी एक प्रशिक्षणक्रम आणला. त्यात तीन पायऱ्यांचं बोलणं शिकवतात : मला काळजी वाटते, मला हे बरोबर वाटत नाही, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिसरं वाक्य आलं की समोरचा कितीही मोठा असो, त्यानं थांबायचं.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनआधीची तपासणी यादी आणली. तिच्यात एक साधी ओळ आहे : टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीतलंही एक होतं, ही यादी वापरून पाहिली. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. ज्याचं नाव माहीत आहे, त्याला हाक मारता येते. ज्यानं एकदा तोंड उघडलंय, तो दुसऱ्यांदा उघडतो.

पाळी बदलतानाच्या निरोपासाठी आय-पास नावाची पद्धत आली. तिच्यात शेवटची पायरी ही की ऐकणाऱ्यानं आपल्याला काय समजलं ते परत सांगायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात या पद्धतीनंतर चुका २३ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. ना नवं औषध, ना नवं मशीन. फक्त नीट सांगणं आणि नीट ऐकणं.

माझी एक रात्र

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय असं वाटेल, म्हणून एक गोष्ट कबूल करतो. १९९६ साल. एका सरकारी रुग्णालयात माझं एमडीचं पहिलं वर्ष. रात्री अडीचला सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, सतरा नंबरचा श्वास मला बरा वाटत नाही. मिनिटाला चौतीस आहे. सरांना कळवा." साठीचे गिरणी कामगार, न्यूमोनिया झालेला. तेव्हा आमच्या वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर नव्हता. मी जाऊन पाहिलं. बीपी ठीक होतं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन चालूच होतं. लेक्चरर सरांना उठवायचं म्हणजे "एवढंही जमत नाही?" हे ऐकायचं. आठवडाभरापूर्वी ते सगळ्यांसमोर ऐकलेलं होतं. सकाळच्या राउंडला दाखवू, असं ठरवलं.

पाच वाजता सिस्टरांनी पुन्हा हाक मारली तेव्हा बीपी लागत नव्हतं. त्यांना आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या बायकोनं जाताना माझेच आभार मानले.

अडीचला फोन केला असता तर ते वाचले असते का, ते मला सांगता येत नाही. पण न्यूमोनियात श्वासाची गती तिसापुढे जाणं ही धोक्याची खूण असते, हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. सिस्टरांनी ते मोजलं होतं, मला सांगितलं होतं. कमी पडलं ते ज्ञान नव्हतं. कमी पडला तो एक फोन.

हीच गोष्ट मी त्या मुलीलाही सांगितली. म्हटलं, "बाळा, नर्स डोस विचारते तेव्हा ती तुझी परीक्षा घेत नसते. ती तुझी दुसरी डोळ्यांची जोडी आहे. आणि रात्री सिनियरला फोन करायचा की नाही असा प्रश्न मनात आला, की त्याचं उत्तर 'कर' हेच."

आणि दुसरी बाजू

परदेशी शिकलेले डॉक्टर कमी पडतात असा अर्थ कृपया काढू नका. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेत मेडिसिन विभागात दाखल झालेल्या पासष्टीपुढच्या रुग्णांची त्यात तुलना होती. परदेशी पदवीधरांच्या रुग्णांत तीस दिवसांतले मृत्यू ११.२ टक्के होते, अमेरिकन पदवीधरांच्या रुग्णांत ११.६ टक्के. फरक छोटा आहे, पण परदेशी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. आणि त्यांचे रुग्ण थोडे अधिक आजारी होते. म्हणजे सुरुवातीची ती अवघड वर्षं पार करून हे डॉक्टर उत्तम काम करतात.

तुम्ही काय कराल?

मूल परदेशी रेसिडेन्सीला गेलं असेल तर पहिले सहा महिने "तू तर हुशार आहेस, तुला काय अवघड?" असं म्हणू नका. त्याला विचारा, आज कोणाशी बोललास, कोणाचं नाव शिकलास. सिनियरला प्रश्न विचारला म्हणून त्याला उद्धट समजू नका.

आणि तुम्ही स्वतः किंवा तुमचं माणूस इथे दाखल असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. रात्री जबाबदार डॉक्टर कोण, हे संध्याकाळीच विचारून घ्या. पाळी बदलताना चालू औषधं आणि ॲलर्जी नव्या सिस्टरांना पुन्हा एकदा सांगा. "आधीपेक्षा वेगळं वाटतंय" असं वाटलं तर संकोच न करता, शांतपणे पण स्पष्ट सांगा. ते तुम्हालाच आधी कळतं. आणि एखाद्या ज्युनियर डॉक्टरनं "मी सरांना विचारून सांगतो" म्हटलं, तर याला काही येत नाही असं समजू नका. तो तुमच्या माणसाची काळजी घेतोय.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले होते. साखर आटोक्यात आहे. म्हणाले, "डॉक्टर, आता रडत नाही. त्या नर्सबाईंनी तिला घरी जेवायला बोलावलं होतं."